बारा वर्षांचा झाला, आता उशीर झाला का?



उन्हाळी सुट्टी संपत आली की अनेक घरांत एक चर्चा हमखास होते. मूल बारा-तेरा वर्षांचे झालेले असते. सुट्टीत एखाद्या शिबिराला जाऊन आल्यावर त्याला खेळाची गोडी लागलेली असते. ते म्हणते, "अम्मी, मला हे रोज खेळायचे आहे." अब्बा चौकशीला जातात. तेथे कोणीतरी सांगते, "सात-आठ वर्षांचा असताना आणायला हवे होते. बाकीची मुले आता फार पुढे गेली." अब्बा घरी परततात, मुलाला आणखी एक ट्यूशन लावली जाते आणि विषय तेथेच संपतो.

मुलाच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय अशा एका वाक्यावर सोडू नये, म्हणून या महिन्यात याच प्रश्नाकडे पाहू. उशिरा खेळ सुरू केला तर मुलाची वाट खरोखरच बंद होते का? याचे उत्तर सरसकट 'हो' नाही आणि सरसकट 'नाही' असेही नाही. खेळ कोणता आहे आणि मुलाचे शरीर आजवर काय करत आले आहे, यावर ते अवलंबून आहे.

उशीर, पण कशासाठी?

आधी स्वतःला विचारावे की मुलाने खेळावे असे आपल्याला का वाटते. तब्येत चांगली राहावी, मित्र मिळावेत, मोबाइल हातातून सुटावा, हरणे-जिंकणे पचवता यावे, एवढाच हेतू असेल तर कोणत्याही वयात उशीर झालेला नसतो. बाराव्या वर्षी नाही आणि चाळिसाव्या वर्षीही नाही.

शाळा, जिल्हा, राज्य अशा स्पर्धांत उतरावे असे वाटत असेल तर आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांचे वयोगट लक्षात घ्यावेत. ते १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. म्हणजे आज बारा वर्षांचे असलेले मूल १७ वर्षांखालील गटात उतरेपर्यंत त्याच्याकडे चांगली तीन-चार वर्षे आहेत. रोज नेमाने सराव केला तर हा काळ थोडा नाही.

राहिला देशासाठी खेळण्याचा प्रश्न. तेथपर्यंत फार थोडी मुले पोहोचतात, मग ती लवकर सुरुवात करोत वा उशिरा. तेथे मात्र खेळ कोणता, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

जेथे उशीर खरोखर उशीर असतो

काही खेळांत उशीर भोवतो, हे लपवून उपयोग नाही. जिम्नॅस्टिक्सचे उदाहरण घ्या. या खेळात शरीर लहान, हलके आणि लवचिक असतानाच अवघड कसरती अंगवळणी पडाव्या लागतात. मुलींना सोळाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात प्रवेश मिळतो, म्हणजे तोपर्यंत तयारी बरीचशी पूर्ण झालेली असावी लागते. त्रिपुराच्या दीपा कर्माकरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात चौथा क्रमांक मिळवला. तिने सहाव्या वर्षी सुरुवात केली होती. सानिया मिर्झाच्या हातातही सहाव्या वर्षीच टेनिसची रॅकेट आली होती. टेबल टेनिससारख्या खेळात नजर आणि मनगट यांचा मेळ लहानपणापासून बसलेला असेल तर मोठा फायदा होतो.

तेराव्या वर्षी जिम्नॅस्टिक्स सुरू करणाऱ्या मुलीला ऑलिंपिकचे स्वप्न दाखवून कोणी फी घेत असेल, तर ती फसवणूक आहे. अर्थात त्या मुलीने जिम्नॅस्टिक्स करूच नये असे नाही. शरीर लवचिक होईल, तोल सुधारेल, पडण्याची भीती जाईल आणि हे सारे पुढे दुसऱ्या खेळात कामाला येईल.

जेथे वाट उघडी राहते

आता दुसरी बाजू पाहू. श्रीरामपूरचा झहीर खान सतरा वर्षांचा असताना त्याचे वडील त्याला मुंबईला घेऊन आले. मुंबईतली मुले त्या वयापर्यंत शालेय क्रिकेटच्या कित्येक स्पर्धा खेळून मोकळी झालेली असतात. तरीही २००० साली झहीर भारताकडून कसोटी खेळला. पुढे ९२ कसोटींत ३११ बळी त्याच्या नावावर जमा झाले आणि २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धांत तो २०१५ मध्ये उतरला, तेव्हा त्याने विशी गाठलेली होती. तीनच वर्षांनी त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमधला ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे पहिले वर्ष निव्वळ शारीरिक तयारीत गेले आणि त्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच्या हाती रायफल आली आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक गळ्यात पडले.

मुलींची उदाहरणेही आहेत. तेलंगणातील निजामाबादची निखत जरीन आधी १०० आणि २०० मीटर धावत असे. बॉक्सिंगकडे ती बारा-तेरा वर्षांची असताना वळली. २०११ मध्ये ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली आणि २०२२ व २०२३ अशी सलग दोन वर्षे वरिष्ठ गटाची. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद तेराव्या वर्षी तलवारबाजीकडे वळली. या खेळाचा पोशाख मुळातच अंगभर असतो, ही गोष्ट तिच्या घरच्यांना सोयीची वाटली होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती हिजाब घालून उतरली आणि सांघिक कांस्यपदक घेऊन परतली.

शरीराने उशीर केला नव्हता

ही नावे वाचून "मग काय, कधीही सुरू करा" असे कोणाला वाटेल, तर थोडे थांबावे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा तो विशिष्ट खेळ उशिरा सुरू झाला, पण त्यांचे शरीर उशिरा कामाला लागले नव्हते. साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटर अंतर पायी किंवा धावत कापून शाळेत जात असे. निखतचे पाय धावपट्टीवर तयार झाले होते. झहीर मुंबईला येण्याआधी श्रीरामपुरात खेळतच होता. कुसाळेला रायफल मिळण्याआधी वर्षभर शरीर घडवावे लागले.

नायजेरियातून अमेरिकेत जाऊन बास्केटबॉलचा मोठा खेळाडू झालेला हकीम ओलाजुवान याची कथा तर फारच बोलकी आहे. पंधराव्या वर्षापर्यंत तो बास्केटबॉल खेळलाच नव्हता. लागोसमध्ये तो फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा. पुढे एवढ्या उंच माणसाचे पाय इतके चपळ कसे, याचे सगळ्यांना नवल वाटे. ती चपळाई त्या फुटबॉलमधून आली होती. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षे त्याच्या संघाने अमेरिकेचे विजेतेपद मिळवले.

म्हणून आई-वडिलांनी मुलाचे वय मोजण्याआधी त्याचा दिवस मोजावा. ते पळते का, झाडावर चढते का, सायकल चालवते का, पोहते का, गल्लीत लगोरी, लंगडी, कबड्डी खेळते का? अशा मुलाने बाराव्या वर्षी नवा खेळ धरला तर त्याचा पाया तयार आहे असे समजावे. पण मूल शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यांतच बसून राहिले असेल, तर खरा उशीर येथे झालेला आहे. तोही भरून निघतो. मात्र त्यासाठी पहिले वर्ष-सहा महिने धावणे, उड्या, पोहणे, तोल, ताकद यांनाच द्यावे लागतात.

लवकर जिंकणारे आणि शेवटी जिंकणारे

जर्मनीतील अभ्यासक आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंवरील अभ्यास एकत्र तपासले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. लहान वयोगटात चमकणाऱ्या मुलांनी आपला मुख्य खेळ लवकर धरलेला होता आणि सराव भरपूर केला होता. पण मोठेपणी जागतिक पातळीवर पोहोचलेले खेळाडू राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांशी ताडून पाहिले, तेव्हा चित्र उलटे निघाले. जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी मुख्य खेळ तुलनेने उशिरा सुरू केला होता, लहानपणी इतर खेळ अधिक खेळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही सावकाश झाली होती.

याचा अर्थ, बाराव्या वर्षी जो पुढे दिसतो तो बाविसाव्या वर्षीही पुढेच असेल असे नाही. याचे एक साधे कारण शरीराची वाढ. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. तरीही एकाच वर्गातल्या दोन मुलांत दोन-तीन वर्षांचा फरक पडू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसरा अजून लहानसाच दिसतो. संघ निवडताना नजर साहजिकच थोराड मुलावर जाते.

जन्ममहिन्याचाही असाच परिणाम होतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ च्या सुमारास आइस हॉकीच्या कनिष्ठ खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेथे वयोगट १ जानेवारीला बदलतो आणि संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त आढळली. ती अधिक गुणी नव्हती, फक्त काही महिन्यांनी मोठी होती. तुमचे मूल आज मागे दिसत असेल तर ते कमी गुणाचे आहे की नुसते अजून वाढायचे आहे, हे आधी पाहावे.

जन्मतारखेचा मोह

येथे एक कटू विषय काढणे भाग आहे. "उशीर झाला" या भीतीपोटी काही घरांत जन्माचा दाखलाच बदलण्याचा विचार होतो. दोन वर्षे कमी दाखवली की मूल खालच्या गटात खेळेल आणि थोराड असल्याने चमकेल, असा हिशेब असतो. कधीकधी हा सल्ला मैदानावरूनच मिळतो.

हा सल्ला ऐकू नये. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासले जाते आणि खोटे वय दाखवणाऱ्यावर भारतीय क्रिकेट मंडळ दोन वर्षांची बंदी घालते. शिवाय आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांवरील तारखा जुळल्या नाहीत की पुढे नोकरीतही अडचण येते. पण पकडले जाण्याची भीती हे दुय्यम कारण झाले. ज्या मुलाला आपण खोटे बोलू नकोस म्हणून शिकवतो, त्याच्याच नावावर आपण खोटे लिहून द्यायचे आणि त्याने प्रत्येक स्पर्धेत ते मिरवायचे, हे कोणत्या बापाला शोभेल? आणि त्या खोट्या तारखेमुळे ज्या लहान मुलाची जागा गेली, त्याचा हक्क मारला गेला तो वेगळाच.

उशीर भरून काढण्याची घाई

दुसरी चूक म्हणजे राहिलेला काळ एका वर्षात भरून काढण्याचा प्रयत्न. सकाळी एक अकॅडमी, संध्याकाळी दुसरी, रविवारी सामने. वाढत्या हाडांना आणि सांध्यांना हा भार सोसत नाही. गुडघा, टाच, खांदा, पाठ यांची दुखणी येथूनच सुरू होतात.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये पालकांसाठी काही सूचना दिल्या. एकाच खेळाला पूर्ण वाहून घेणे साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे. आठवड्यात एक-दोन दिवस खेळाला सुट्टी असावी. वर्षात एकेका महिन्याची मिळून तीन महिने मुख्य खेळापासून विश्रांती असावी आणि त्या काळात इतर हालचाल चालू ठेवावी. क्रीडावैद्यकातले आणखी एक सोपे माप असे की आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुरे झाले.

आपल्या घरांत रमजानमध्ये सराव बुडतो म्हणून मुले अस्वस्थ होतात आणि पालकांनाही वाटते की महिनाभराने मूल मागे पडेल. वरच्या सूचना वाचल्या तर ही काळजी हलकी व्हावी. महिनाभर मुख्य खेळ कमी झाला तर तोटा नाही. हलके चालणे, अंग मोकळे करणे एवढे इफ्तारनंतर चालू ठेवावे आणि ईदनंतर पहिल्याच दिवशी पूर्वीएवढा जोर न लावता आठ-दहा दिवसांत हळूहळू मूळ सरावावर यावे.

उशिरा सुरू करण्यापेक्षा लवकर सोडणे महाग

माझ्या मते आपल्या समाजात मुलांचे जास्त नुकसान उशिरा सुरुवात केल्याने होत नाही, लवकर सोडून दिल्याने होते. नववीचे वर्ष आले की मैदान बंद. आठवीपर्यंत जिल्हा पातळीवर खेळलेला मुलगा दहावीच्या नावाखाली दोन वर्षे बसतो आणि मग परत येत नाही. खरे तर रोजचा एक तास काढता येतो. असर आणि मगरिबच्या मधला वेळ आपल्याकडे पूर्वीपासून मुलांच्या खेळण्याचाच होता. तो आपणच ट्यूशनला देऊन टाकला. राज्य पातळीपर्यंत खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत क्रीडागुणांची सवलत आहे आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे खेळ म्हणजे वेळेची नासाडी हे म्हणणे हिशेबानेही खरे नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. बारा-तेरा वर्षांची झाली की, "आता मोठी झालीस, पुरे" असे सांगितले जाते. नेमक्या त्याच वयात निखतने बॉक्सिंगचे आणि इब्तिहाजने तलवारबाजीचे पहिले पाऊल टाकले होते. पोशाखाची अडचण वाटत असेल तर नियम बरेच बदलले आहेत. फुटबॉलमध्ये २०१४ पासून आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून डोके झाकून खेळता येते. नेमबाजी, तिरंदाजी, तलवारबाजी, कराटे हे पर्याय आहेतच. मुलींसाठी वेगळी वेळ, महिला प्रशिक्षक, चार मैत्रिणींचा गट अशी सोय मोहल्ल्यातील आठ-दहा कुटुंबे एकत्र आली तर करता येते. अडचण सोडवावी, मुलीचा खेळ सोडवू नये.

आता काय करावे?

मूल अकरा ते चौदा वर्षांचे असेल आणि आताच सुरुवात करायची असेल, तर काही साध्या गोष्टी कराव्यात.

पहिल्या वर्षी दोन खेळ ठेवावेत. एक मुलाच्या आवडीचा आणि दुसरा अंग तयार करणारा, जसे पोहणे किंवा मैदानी धावणे. महागडे साहित्य घेण्याची घाई करू नये.

प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. आठवड्यात विश्रांतीचा दिवस कोणता? मुलाला दुसरा खेळ खेळू द्याल का? दुखले तर काय करता? या प्रश्नांवर जो वैतागतो, त्याच्याकडे मूल सोपवताना विचार करावा. पाच वर्षांत भारताच्या संघात नेऊन दाखवतो म्हणणाऱ्यापासूनही दूर राहावे.

गर्दी कोठे कमी आहे, हेही पाहावे. क्रिकेटच्या मैदानावर शेकडो मुले रांगेत असतात. नेमबाजी, तलवारबाजी, रोइंग, भालाफेक, सायकलिंग यांत उशिरा येणाऱ्यालाही जागा मिळते. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा रोइंग शिकली आणि चारच वर्षांनी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, सुवर्णपदक जिंकली. आपल्या भागात कोणते खेळ शिकवले जातात, शासनाच्या प्रबोधिनीची निवड कधी होते, ही माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. एक दिवस काढून तेथे जाऊन यावे.

वर्षाच्या शेवटी मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी करावी. जास्त पळते का, कमी दमते का, सरावाला आपणहून निघते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर वाट बरोबर आहे. 'नाही' असेल तर मुलाशी बसून शांतपणे बोलावे. कदाचित खेळ बदलायची गरज असेल.

आणि पुन्हा कोणी "उशीर झाला" म्हणाले तर अब्बांनी लगेच घरी परतू नये. कोणत्या खेळासाठी आणि कोणत्या पातळीसाठी उशीर झाला, एवढे विचारावे. बऱ्याच वेळा समोरच्याकडे याचे उत्तर नसते.

पुढच्या महिन्यात खेळणाऱ्या मुलांच्या डब्याविषयी आणि आहाराविषयी बोलू, इन्शाअल्लाह. तोपर्यंत मुलांना मैदानावर पाठवत राहा. खुदा हाफिज.